नदी खाली, रांजण वर

हिचं माहेर निघोज. कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे भूगोलाच्या पुस्तकात भेटण्याआधीच हिने पाहिलेले. गावात त्यांना कुंड म्हणतात. मी पाटबंधारे खात्यातला. कुकडी प्रकल्पावर ओव्हरसियर म्हणून लागलो आणि डेप्युटी होऊन रिटायर झालो. नोकरीभर पाणी अडवलं आणि काळा दगड फोडला, याखेरीज दुसरं काही केलं नाही. त्यामुळे मिनिआपोलिसला मुलाकडे आल्यावर तो म्हणाला, "बाबा, तासाभरावर एक घळ आहे. आपल्यासारखाच काळा दगड, पण वितळलेल्या बर्फाच्या पाण्याने कोरलेला. रांजणखळगेसुद्धा आहेत," तेव्हा नायगारा राहिला तरी चालेल, असं मी सांगून टाकलं. हिने नायगारा सोडलेला नाही, हे इथे नोंदवून ठेवतो.

सप्टेंबरचा पहिला सोमवार इकडे सुट्टीचा असतो. नातीची शाळा त्यानंतर उघडणार होती. मुलाने शुक्रवारची रजा टाकली आणि चार दिवस हाताशी आले.

शुक्रवार

मिनिआपोलिसपासून टेलर्स फॉल्स ऐंशी किलोमीटर. सगळा रस्ता मक्याच्या आणि सोयाबीनच्या शेतांतून जातो. जमीन परातीसारखी सपाट. डोंगर नाही, टेकाड नाही, मग घळ कुठून येणार, असं मनात येतंय तोच रस्ता उताराला लागला, दोन्ही बाजूंना झाडी दाटली आणि समोर नदी आली. सेंट क्रॉय तिचं नाव. अलीकडे मिनेसोटा, पलीकडे विस्कॉन्सिन.

अलीकडच्या गावाचं नाव टेलर्स फॉल्स, पलीकडच्याचं सेंट क्रॉय फॉल्स. दोन गावांच्या नावांत धबधबा आहे, पण तो दिसत कुठेच नाही. चौकशी केली तर कळलं, की विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विजेसाठी धरण बांधलं आणि धबधब्याची ती खडकाळ उतरंड त्याच्या पाण्याखाली गेली. हे ऐकून मला एकदम घरच्यासारखं वाटलं.

नदीच्या दोन्ही काठांवर 'इंटरस्टेट' नावाचंच पार्क आहे. मिनेसोटाने आपलं १८९५ साली केलं, विस्कॉन्सिनने १९०० साली. इथला दगड फोडून रस्त्यावर खडी म्हणून टाकायचं घाटत होतं, ते जॉर्ज हॅझार्ड नावाच्या सेंट पॉलच्या एका गृहस्थाने पाठपुरावा करून थांबवलं. मी जन्मभर खडी क्रशरच्या बाजूने उभा राहिलेला माणूस, तरी या गृहस्थाला मनातल्या मनात नमस्कार केला. नदी एक, पार्कचं नाव एक, पण राज्यं दोन असल्याने गाडीचे पास मात्र दोन घ्यावे लागतात.

गाडी लावली आणि पहिल्याच कातळाला हात लावला. काळा, अंगाने घट्ट, उन्हाने तापलेला. सह्याद्रीतलाच म्हणून खपेल. नीट पाहिल्यावर फरक दिसू लागला. आपल्या दगडाचा काळा निळसर असतो, याच्यावर हिरवट झाक होती. कुठे कुठे पिस्त्याच्या रंगाच्या बारीक शिरा. लाव्हा थिजल्यानंतर हा दगड जमिनीत खोल गाडला गेला, गरम पाणी त्यातून फिरलं आणि आतली खनिजं बदलून क्लोराइट, एपिडोट अशी हिरवी झाली. दख्खनचा दगड साडेसहा कोटी वर्षांचा. हा एकशेदहा कोटी वर्षांचा. आपला दगड याच्यापुढे रांगतं पोर.

पार्किंगपासून चार पावलांवरच रांजण सुरू होतात. पहिले दोन-चार लहान, घागरीएवढे, पावसाचं पाणी आणि ओकची पानं साठलेले. ही पुढे जाऊन वाकली आणि कडेवरून हात फिरवू लागली. "गुळगुळीत आहे. आमच्यासारखाच," म्हणाली, माहेरचं माणूस ओळखावं तशी. मग वाट कातळाच्या फटींतून वरखाली होत गेली आणि रांजण मोठे होत गेले. एकाची खालची बाजू फुटून दार झालंय. त्याला 'बेक ओव्हन' म्हणतात. वाकून आत शिरलो तर गारवा, शेवाळाचा ओला वास आणि डोक्यावर आभाळाचा एक गोल तुकडा. नातीने आत उभी राहून आरोळी ठोकली. तिचा आवाज भिंतीभोवती फिरून वरून बाहेर पडला.

आणि मग तो मोठा. कठड्याला पोट टेकून खाली बघायचं. तोंड दहा-बारा फूट, खोली साठ फूट. 'बॉटमलेस पिट' हे नाव त्याचा गाळ उपसण्याआधीचं असणार. साठ फूट म्हणजे आमच्या हिशोबाने दहा परस. पारनेर तालुक्यात काळ्या दगडातली दहा परस विहीर पाडायची म्हणजे काय, ते मी पाहिलंय: सुरुंगाची भोकं, यारी, दोन उन्हाळे, आणि एवढं करून पाणी लागलं तर नशीब. शिवाय आपल्या विहिरीच्या भिंती पहारीच्या घावांनी खरबरीत राहतात. इथे सबंध भिंत घोटलेली, आणि तिच्यावर वळसे घेत खाली उतरणाऱ्या पन्हळी. स्क्रूच्या आट्यांसारख्या. पाणी कोणत्या अंगाने फिरत गेलं ते कळावं इतक्या स्पष्ट.

रांजण कसा होतो हे निघोजच्या जावयाला शिकवायला नको. पात्रातल्या फटीत किंवा खड्ड्यात भोवरा अडकतो, भोवऱ्यात गोटा आणि वाळू अडकते, आणि ते जात्यासारखं फिरत राहतं. गोटा झिजून संपतो, दुसरा येऊन पडतो. खड्डा आडवा फारसा वाढत नाही, खाली उतरत जातो. साठ फुटांच्या तळाशी असलेला गोटा फिरता ठेवायला वरून केवढ्या जोराचं पाणी हवं, याचा विचार करत मी कठड्याला रेलून उभा राहिलो. पोटात थोडं कालवलं. उंचीची भीती मला नाही. तो त्या पाण्याचा अंदाज होता.

तेवढ्यात ही कातळाच्या टोकापर्यंत जाऊन आली.

"अहो, नदी तर पार खाली आहे."

"हो मग?"

"मग रांजण इथे वर कसे? निघोजला नदी रांजणातच आहे. इथे नदी खाली आणि रांजण डोक्यावर. पाणी वर चढलं होतं का?"

प्रश्न बरोबर होता. खाली सेंट क्रॉय संथ वाहत होती, दोन कयाक तिच्यावर पानासारखे तरंगत होते. ती नदी इथवर कधी आली असेल असं तिच्याकडे बघून वाटत नव्हतं. "उद्या सांगतो," म्हणालो. हिला लग्नापासून या उत्तराचा अर्थ माहीत आहे.

रात्री मोटेलच्या खोलीत सूनबाईने डब्यातली थालीपिठं काढली. गरम करायला गेलो तर भाजणीच्या वासाने धुराची घंटा वाजली. त्याबद्दल यापेक्षा जास्त लिहीत नाही.

शनिवार

सकाळी बोटीत बसलो. दोन मजली, मागे फिरतं चाक लावलेली. पाण्याचा रंग कोऱ्या चहाचा, कडेला साबणासारखा फेस. ही म्हणाली, "कारखान्याची मळी सोडतात वाटतं." श्रीगोंद्यातल्या नातेवाइकांमुळे तिचं या विषयातलं ज्ञान पक्कं आहे. पण इथे कारखाना नाही. उत्तरेकडच्या दलदलींतून नदी येते, तिथल्या कुजलेल्या पाल्याचा आणि सालींचा रंग पाण्यात उतरतो. चहासारखं दिसतं, कारण चहात असतं तेच टॅनिन त्यात आहे.

पाण्यावरून बघितल्यावर घळीची रचना उलगडली. कडे गोलसर झिजलेले नाहीत, रचून ठेवल्यासारखे सरळ उभे आहेत. लाव्हा थंड होताना आक्रसला, त्याला उभ्या-आडव्या भेगा पडल्या. पुढे पाण्याने दगड घासण्यापेक्षा भेगांत शिरून ठोकळेच्या ठोकळे उचलून नेले. पहारीने चिरे काढतात तसे. म्हणून भिंती ओळंब्यात राहिल्या. एका कड्यावर म्हाताऱ्याचं तोंड दिसतं. नाक, ओठ, हनुवटी सगळं जागेवर. आमच्या बोटीतले निम्मे लोक त्याचे फोटो काढत होते, उरलेले निम्मे 'कुठे, कुठे' करत होते. मी दुसऱ्या गटात. बोट पुढे गेल्यावर मला दिसला, तोवर तो नुसता कडा झाला होता.

एका ठिकाणी नदी काटकोनात वळते. त्या कोपऱ्याच्या खडकाला अँगल रॉकच म्हणतात. एकोणिसाव्या शतकात वरच्या जंगलातले पाइनचे ओंडके नदीत सोडून खाली करवतीच्या गिरण्यांकडे नेत. १८८६ साली या वळणावर ओंडके अडकले आणि मागे मैलोगणती घळ लाकडांनी भरली. ती कोंडी सोडवायला कित्येक आठवडे लागले. त्याआधी, १८३७ च्या कराराने, इथल्या मूळ रहिवासी ओजिब्वे लोकांकडून हा सगळा पाइनचा मुलूख सरकारने घेतला होता. पन्नास वर्षांत करारापासून कोंडीपर्यंत! जंगल संपायला फार काळ लागला नाही. आज काठावर जी झाडी आहे ती नंतरची.

दुपारी पुलावरून विस्कॉन्सिनला गेलो. तिकडच्या काठावरही रांजणांची वाट आहे, आणि 'आइस एज ट्रेल' नावाच्या मोठ्या पायवाटेचं पश्चिम टोक तिथेच. शेवटच्या हिमयुगात बर्फाची कड जिथवर आली होती, तिचा माग काढत ही वाट सुमारे १,९०० किलोमीटर चालून मिशिगन सरोवराकाठच्या स्टर्जन बेला जाते. एक तरुण जोडपं पाठीवर बोचकी घेऊन तिथून निघत होतं. नातीने त्यांना "गुड लक" म्हटलं. हिने त्यांच्याकडे चिवड्याची पुडी दिली. अमेरिकन माणूस अनोळखी बाईकडून पुडी घेईल का, ही माझी शंका खोटी ठरली.

पार्कच्या माहितीकेंद्रात पांढऱ्या दाढीचे एक स्वयंसेवक बसले होते. माझ्याएवढेच. हिचा प्रश्न मी मुलाकरवी त्यांना विचारला: रांजण वर कसे? त्यांनी प्रश्नाला प्रश्न केला, आत्ता नदीत किती पाणी आहे असं वाटतं? इथे मी घरच्या मैदानावर आलो. बोटीतून रुंदी बघितली होती, वेग बघितला होता. मनात आकडा धरून सांगितला. ते हसले. इथला सरासरी विसर्ग चार-पाच हजार क्युसेक असतो म्हणाले. मी हवेत सांगितलेला आकडा त्याच्या जवळपास होता, हे मुलाने नीट भाषांतर करून सांगितलं नाही अशी माझी तक्रार आहे.

चार-पाच हजार क्युसेक म्हणजे किती, ते पुण्याच्या माणसाला लगेच कळेल. जोराच्या पावसात खडकवासल्यातून तीस-चाळीस हजार सोडतात आणि भिडे पूल पाण्याखाली जातो. त्यातसुद्धा मुठेने कधी साठ फुटांचे रांजण कोरलेले नाहीत. तेव्हा ही घळ या नदीची नाही. नदी घळीत नंतर राहायला आलेली आहे, वाड्यात भाडेकरू यावा तशी.

मग खरा मालक कोण? त्यांनी भिंतीवरच्या नकाशावर बोट ठेवलं. उत्तरेला आज सुपीरिअर सरोवर आहे. सुमारे दहा-अकरा हजार वर्षांपूर्वी त्या खोलगट भागात बर्फाची एक प्रचंड जीभ होती, आणि ती वितळत मागे सरत होती. तिच्या पुढ्यात पाणी साठलं. पूर्वेकडची वाट बर्फानेच अडवलेली. त्यामुळे सरोवर चढत गेलं, आजच्या सुपीरिअरपेक्षा सुमारे दीडशे मीटर उंच. त्या सरोवराला 'ग्लेशियल लेक डुलुथ' म्हणतात. चढत चढत ते दक्षिणेच्या काठावर आलं आणि सखल जागा बघून ओसंडलं. ते सगळं पाणी इथून गेलं.

"म्हणजे हा सांडवा!" मी एकदम मोठ्याने म्हणालो. बाजूचे दोघे-तिघे वळून बघायला लागले. मुलगा इंग्रजी शब्द शोधत होता तोवर मीच सांगितलं, "स्पिलवे, स्पिलवे." दाढीवाल्यांनी टेबलावर हात आपटला. एक्झॅक्टली म्हणाले. बर्फाची भिंत, डुलुथचा जलाशय, आणि जास्तीचं पाणी सोडणारा सेंट क्रॉयचा सांडवा. धरण बघितलेल्या माणसाला दुसरं काही समजवायला नको. पाणी आलं तेव्हा नदी कड्यांच्या वरून वाहत होती, आणि रांजण तिच्या तळाशी होते. जसजशी घळ खोल गेली, तसतसे ते वर कोरडे राहिले.

हिला जाऊन सांगितलं. "मग तळाशीच म्हणा की," एवढंच म्हणून ती नातीच्या बुटाची नाडी बांधू लागली.

संध्याकाळी टेलर्स फॉल्समध्ये परतल्यावर आणखी एक गोष्ट पाहिली, आणि खरं सांगायचं तर माझ्या दृष्टीने सबंध सहलीत तिच्या तोडीचं काही नव्हतं. एका उताराच्या कडेला दगड उघडा पडला आहे. पिवळसर वाळूचा दगड, आणि त्यात काळे गोटे रुतलेले. नारळाएवढे, कलिंगडाएवढे, काही पिंपाएवढे. सगळे गोल. लांबून बघितलं तर कुणी रबल काँक्रीट ओतल्यासारखं. काळे गोटे त्याच एकशेदहा कोटी वर्षांच्या कातळाचे आणि भोवतीची वाळू सुमारे पन्नास कोटी वर्षांपूर्वीच्या समुद्राची. त्या समुद्रात हे बसाल्टचे कडे बेटांसारखे उभे होते. लाटांनी त्यांचे तुकडे पाडले, किनाऱ्यावर गडगडवून गोल केले आणि वाळूत पुरले. एका गोट्याच्या अंगावर मी अंगठा ठेवला आणि करंगळी वाळूवर. वीतभरसुद्धा अंतर नाही, आणि मधली साठ कोटी वर्षं गायब. तेवढ्या काळात इथे जे काही साठलं असेल ते पुन्हा झिजून गेलं. आपल्याकडे लाव्हाच्या दोन थरांमध्ये लाल मातीचा पट्टा असतो, गेरूसारखा. विहिरीत तो लागला की खोदणारे म्हणतात, आता दगड बदलणार. तो पट्टाही असाच मधला काळ दाखवतो. पण त्याचा काळ इतका लहान, की या वीतभर जागेत तो दिसणारसुद्धा नाही.

या पार्कात लाव्हाचे किमान दहा थर उघडे पडलेले आहेत. उत्तर अमेरिका खंड मधोमध फाटायला लागलं होतं तेव्हाचे हे. कॅन्सासपासून सुपीरिअरपर्यंत आणि तिथून वळून मिशिगनपर्यंत सुमारे दोन हजार किलोमीटरची भेग पडली, तिच्यातून लाव्हा येत राहिला, आणि मग फाटणं थांबलं. समुद्र व्हायचा राहिला. का थांबलं यावर मुलगा बराच वेळ बोलत होता. मी गोट्यांचे फोटो काढत होतो.

रविवार

सांडवा बघितला, आता जलाशय बघायचा, असा मी हट्ट धरला. मूळ बेत दोन दिवसांत परत फिरण्याचा होता. सूनबाईने फोनवर डुलुथचं हॉटेल शोधलं आणि हट्ट मान्य झाला.

विस्कॉन्सिनच्या बाजूने उत्तरेला जवळजवळ दोन तास. बर्च आणि पाइनची झाडी, मधूनच तळी. रस्त्याच्या कापात माती तांबडी दिसते. सुपीरिअरकडून आलेल्या बर्फाने लोहाचे तांबडे खडक दळून आणले, त्यांची ही माती. पश्चिमेकडून आलेल्या दुसऱ्या बर्फाची माती करडी असते. कोणता बर्फ कुठवर पोचला ते इथले भूवैज्ञानिक मातीच्या रंगावरून सांगतात. आमच्याकडे भरावाची माती कोणत्या बॉरो पिटातली, म्हणजे माती काढायच्या खड्ड्यातली, आहे हे मुकादम असंच ओळखायचे.

सोलोन स्प्रिंग्ज हे छोटं गाव. शेजारी अप्पर सेंट क्रॉय सरोवर, तिथून सेंट क्रॉय दक्षिणेला निघते. सरोवराच्या उत्तर टोकापाशी एक पायवाट सुरू होते, सव्वातीन किलोमीटरची. पूर्वी लोक होड्या खांद्यावर घेऊन ती चालत आणि पलीकडे ब्रूल नदीत उतरत. ओजिब्वे शतकानुशतकं ये-जा करत होते. १६८० साली द्यु लुत नावाचा फ्रेंच इथून गेला. डुलुथ शहराला त्याचंच नाव आहे. १८३२ साली मिसिसिपीचा उगम शोधून परतताना स्कूलक्राफ्ट गेला. वाटेच्या कडेला दगड मांडून त्यांवर अशी नावं लिहिली आहेत. नात प्रत्येक दगडापाशी थांबून मोठ्याने वाचत होती आणि दर वेळी विचारत होती, "आजोबा, यांनी पण होडी डोक्यावर घेतली होती?"

आम्ही अर्धी वाट चाललो. माझ्या गुडघ्याने तेवढीच मंजूर केली. पण बघायचं ते दिसलं. खाली एक रुंद, सपाट तळाचं खोरं, दोन्ही बाजूंना उंच काठ. आणि एवढ्या मोठ्या खोऱ्यात काय, तर दलदल. सिडारची वाकडी झाडं, गवत, काळं पाणी, आणि डासांचं राज्य. ही म्हणाली, "उगम म्हटल्यावर मला वाटलं देऊळबिऊळ असेल." भीमाशंकर, त्र्यंबक, महाबळेश्वर बघितलेल्या बाईची अपेक्षा रास्तच. इथे गोमुख नाही. एकाच दलदलीच्या दक्षिणेकडून सेंट क्रॉय निघते आणि मिसिसिपीतून मेक्सिकोच्या आखातात जाते. उत्तरेकडून ब्रूल निघते, सुपीरिअरला मिळते आणि शेवटी अटलांटिकला. दोघींच्या मधे पाणलोटाची रेघ आहे म्हणे. मला तर ती बांधाएवढीसुद्धा दिसली नाही.

मी मात्र तिथे उभा राहून खूश होतो. हे सांडव्याचं तोंड. डुलुथचा जलाशय या खोऱ्यातून आत येत होता आणि जिथे आम्ही डास मारत होतो तिथून दक्षिणेला सुटत होता. मग बर्फ आणखी मागे हटला, पूर्वेला खालची वाट मोकळी झाली, जलाशयाची पातळी सांडव्याच्या खाली उतरली आणि सांडवा बंद पडला. दरवाजा लावायला कुणी नव्हतं, तरी लागला. त्यानंतर उत्तरेकडच्या ओघळींचं पाणी मागे, सरोवराकडे वाहू लागलं. तीच ब्रूल. म्हणजे एके काळी दक्षिणेला सुटणाऱ्या पुराच्या त्याच खोऱ्यात आज एक नदी उलटी उत्तरेला वाहते. जुन्या तलावाचा बंद पडलेला सांडवा तुम्ही कधी पाहिला असेल, तर त्यातून तलावाकडे परत येणारा पावसाचा ओहोळही पाहिला असेल.

मुलगा गाडीत म्हणाला, "बाबा, तुम्ही सगळ्याचं धरण करता." खरं आहे.

सोमवार

डुलुथ शहर सुपीरिअरच्या काठावर डोंगराच्या उतारावर वसलंय. वरच्या अंगाने स्कायलाइन पार्कवे नावाचा रस्ता जातो. डोंगरावरचा रस्ता म्हटला की तो चढणार, उतरणार, वळणं घेणार. हा बरंच अंतर एका पातळीत चालतो. कारण तो बऱ्याच ठिकाणी त्या जुन्या जलाशयाच्या किनाऱ्यावरूनच गेलाय. लाटांनी तासलेली सपाटी आयती मिळाली, तिच्यावर रस्ता केला. आपल्या भाषेत पूर्ण संचय पातळी, धरण पूर्ण भरल्यावरची पाण्याची रेघ. गाडी थांबवून खाली बघितलं. दीडेक मीटर नव्हे, दीडशे मीटर खाली आजचं सरोवर. बंदरातला लिफ्टचा पूल काडेपेटीएवढा, आणि पलीकडे समुद्रासारखी निळी कड. ब्याऐंशी हजार चौरस किलोमीटर पाणी आणि त्यावर दीडशे मीटर आणखी चढवायचं. मी खिशातली वही काढली आणि ठेवून दिली. नोकरीत एवढी शून्यं कधी लिहिली नव्हती.

खाली ब्रायटन बीचवर गेलो. इथे पुन्हा तोच काळा लाव्हा पाण्यात उतरत गेलेला, आणि त्याच्या खोबणींत गोटेच गोटे. पाणी इतकं गार, की पाय घातल्यावर नडग्या दुखायला लागल्या. हिने कंबर वाकवून गोटे निवडायला सुरुवात केली. अर्ध्या तासात तिला एक सापडला: सुपारीएवढा, विटकरी, ओला केल्यावर आत पांढऱ्या-तांबड्या रेघांची वेटोळी. अकीक. लाव्हात बुडबुडे राहून गेले, त्या पोकळ्यांत सिलिका थराथराने भरली, लोहाने ती रंगली. १९६९ पासून हे मिनेसोटाचं राज्यरत्न आहे. आपल्याकडे अशाच पोकळ्यांत गारगोट्या मिळतात. विहिरीतून निघाल्या की पोरं खेळायला न्यायची, आता सिन्नरला त्यांचं म्युझियम आहे. हिने अकीक रुमालात गुंडाळून पर्समध्ये गोळ्यांच्या डबीशेजारी ठेवला.

परतीचा रस्ता अडीच तासांचा. नात झोपली. सूनबाई झोपली. मी वहीत सांडव्याचं एक कच्चं रेखाचित्र काढत होतो. हिन्क्लेच्या पुढे कुठेतरी ही मागच्या सीटवरून म्हणाली,

"निघोजला तर बर्फ नव्हता."

"नाही. तिथे पावसाळी पूर. थोडं थोडं, पण लाखभर पावसाळे."

"आवाज यायचा."

"कशाचा?"

"कुंडातल्या धोंड्यांचा. श्रावणात कुकडीला मोठं पाणी आलं की रात्री घरापर्यंत यायचा. दूर कुणी जातं ओढावं तसा. आई म्हणायची, देवी दळतेय, झोपा." ती खिडकीबाहेर बघत होती. "लग्नानंतर दोन-तीन वर्षं बाळंतपणाला, पंचमीला गेले तेव्हा कान देऊन पडायचे. पुढे पुढे नाहीच आला."

वर माणिकडोह धरण झालं होतं, येडगाव धरण झालं होतं. पाणी कालव्याने जात होतं. तो कालवा कुठून कुठे जातो, त्याची कोणती मोरी कोणत्या साली झाली, हे मला आजही तोंडपाठ आहे.

"आता कधी येतं पाणी?" मुलाने विचारलं.

"सोडलं तर येतं," मी म्हणालो.